खाँसाहेबांची पट्टी कुणी उतरवली?

‘ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या स्वच्छ कशा करतात ते सोप्या भाषेत लिहा,’ असं संपादकांचं पत्र आलं. ते थोडक्यात सांगून होतं. साधं पाणी, किंचित सौम्य साबण, मऊ ब्रश. स्पिरिट कधीही लावू नका, कारण तबकडीत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ही लाख आमच्या छत्तीसगडच्या जंगलांत पळसावर, कुसुमावर होते, हे भिलाईकर म्हणून अभिमानाने नोंदवतो. पण मला लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर.

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर एक फाइल आली. किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी, आणि वर मथळा ‘खाँसाहेबांचा खरा आवाज’. कुणीतरी ती जवळजवळ एक अख्खा स्वर खाली उतरवली होती. इथल्या मराठी मंडळींत ती फिरत राहिली. चांगले कान असलेले लोकसुद्धा लिहू लागले, ‘आता कळलं, इतकी वर्षं आपण चुकीचं ऐकत होतो.’ मी त्यातल्या काहींशी बोललो. मोजलं कुणीच नव्हतं. भारदस्त वाटलं म्हणून खरं वाटलं, एवढंच. ते मला अजून सलतं आहे.

मुद्दा फेऱ्यांचा आहे. जुनी तबकडी मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी कापलेली असतेच असं नाही. १९२५ च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि तो आकडा रुळत गेला; त्याआधी ७० पासून ८० च्या वरपर्यंत काहीही सापडतं. वेग सुमारे सहा टक्क्यांनी बदलला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. ७८ ची तबकडी ७३.६ फेऱ्यांनी फिरवा, काळी एकची पांढरी एक होते आणि तीन मिनिटांचं गाणं दहा-अकरा सेकंदांनी लांबतं. अख्खा स्वर उतरवायचा तर वेग ६९.५ वर आणावा लागतो. वेग तपासायला रेघांची चकती मिळते: आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघा स्थिर दिसल्या की ७७.९२ फेऱ्या, अमेरिकेत ६० हर्ट्झवर ९२ रेघा म्हणजे ७८.२६. पण ही चकती माझ्या यंत्राचा वेग सांगते, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कापणाऱ्या यंत्राचा नाही. सगळी गल्लत इथे होते.

मग मूळ वेग शोधायचा कसा? साथीला पेटी असेल तर षड्ज कुठल्यातरी पट्टीवर बसायला हवा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर संशय घ्यावा. मात्र पेटीही सगळीकडे एकाच मापाला लावलेली नसते, म्हणून एकट्या पेटीवर निकाल देता येत नाही. एकाच बैठकीत कापलेल्या तबकड्या शेजारी ठेवून ताडाव्या लागतात. तबल्याची घुमक, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार ऐकावे लागतात. वेग फार उतरवला की व्यंजनं सुस्तावतात, तोंड मोठं झाल्यासारखं वाटतं. त्या फाइलमध्ये नेमकं तेच झालं आहे. शब्द ओढल्यासारखे येतात, डग्गा बसलेला आहे. खाँसाहेबांचा आवाज बारीक, गोड आणि चढा होता. पुरुषाच्या गळ्याबद्दलच्या आजच्या कल्पनेत तो बसत नाही म्हणून त्याला खाली ओढायचं, याला संशोधन म्हणत नाहीत.

सेक्टर सहामधला गिटार वाजवणारा एक मुलगा मला म्हणाला, ‘काका, रॉबर्ट जॉन्सनचंही असंच म्हणतात.’ तो बरोबर बोलत होता. मिसिसिपीच्या या ब्लूज गिटारवादकाने १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओत आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलसला मिळून २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. १९६१ मध्ये त्याच्या जुन्या तबकड्यांवरून दीर्घवादिका निघाली. एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांची पिढी तिच्यावर वाढली. त्याचीही गाणी वेग वाढवून विकली गेली असा दावा होतो. तसं मानायचं तर दोन शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने, तीच चूक त्याच प्रमाणात झाली असं धरावं लागतं. मला ते पटत नाही.

या दोघांच्या बाबतीत लोकांचा दुसरा गैरसमज मला जास्त खुपतो. तबकडी म्हणजेच कलावंत, असं धरून चालतात. जॉन्सन रस्त्यावर लोक मागतील ती चालू गाणीही वाजवायचा. कंपनीला हवे होते ब्लूज, म्हणून तेवढेच उरले. खाँसाहेब पहिल्यांदा तबकडीवर आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विजेआधीच्या ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गाऊन. आज आपण ऐकतो ते बहुतेक सगळं १९३० च्या दशकाच्या मध्यात ओडियन कंपनीसाठी गायलेलं. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. किराणा घराण्याची विलंबित बढत त्यात मावेल कशी? त्यामुळे त्यांना ‘ठुमरीवाले’ ठरवून मोकळे होणारे लोक भेटतात. त्याच गायकाने त्यागराजांची खरहरप्रिया रागातली कृती मुद्रित केली आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. तरीही त्या तीन मिनिटांचं बळ पाहा. दुकानात वाजणारी त्यांची तबकडी ऐकून गदगचा लहान भीमसेन गाण्याच्या शोधात घराबाहेर पडला आणि पुढे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे पोहोचला.

स्वराच्या मापाबद्दल तर हा माणूस विलक्षण काटेकोर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींच्या कंपनसंख्या ठरवत होते तेव्हा खाँसाहेब त्यांना स्वर लावून दाखवत. देवलांचं पुस्तक १९१० चं. श्रुतीच्या अंतरासाठी एवढं झटलेल्या गायकाची पट्टी कुणीतरी अंदाजाने अख्ख्या स्वराने सरकवतो, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

माझी नोकरी पोलाद कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांवर गेली. गरम रूळ मोजला तर गार झाल्यावर तो आखूड भरतो. म्हणून मापाशेजारी तापमान लिहितात. तबकडीची फाइल करताना मी तसाच फेऱ्यांचा वेग, सुईची जाडी आणि मिळालेल्या षड्जाची कंपनसंख्या लिहून ठेवतो. वेगाबद्दल खात्री नसेल तर ७८ वरची प्रत तशीच राखतो आणि दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये, कारणासकट ठेवतो. ओडियनच्या तबकड्यांपुरतं माझं मत असं: अर्ध्या स्वराच्या आतबाहेरचा वाद करता येईल, अख्ख्या स्वराला आधार नाही. कर्ण्यासमोरच्या तबकड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे तबकडीगणिक वेग बदलू शकतो, खरखरीत साथ नीट ऐकू येत नाही, आणि एकाच बैठकीतल्या दोन तबकड्या हाती लागणं दुर्मीळ. कुणाच्या माळ्यावर त्या काळातली खाँसाहेबांची तबकडी असेल तर ती पुसूही नका, वाजवूही नका. उभी ठेवा, उन्हापासून लांब, आणि आधी लेबलचा फोटो पाठवा.