मळायचं नाही

चाळीस वर्षं रोज सकाळी कणीक मळलेल्या हातांना 'मळू नका' हे पटवणं अवघड असतं. माझ्या हातांना ते पटलं इंग्लंडमध्ये, डेव्हन परगण्यातल्या एक्झेटरला. लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. डिंकाचे लाडू, आळीव, सगळं साताऱ्याहून बांधून नेलं होतं. बाळ घरी आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी फडक्याखाली झाकून सहा स्कॉन घेऊन आल्या. कुणी स्कोन म्हणतं, कुणी स्कॉन. आजी स्कॉन म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

वरून खरपूस, आतून लुसलुशीत, आणि सुरीशिवाय बोटांनीच मधोमध उकलणारे. सोबत स्ट्रॉबेरीचा जॅम आणि वाटीभर क्लॉटेड क्रीम. क्रीमवरचा पिवळसर जाड थर पाहून मला म्हशीच्या दुधाची साय आठवली. करण्याची रीतही तशीच: मलई उथळ भांड्यात मंद आचेवर कितीतरी वेळ तापवायची आणि न हलवता निवू द्यायची.

बाळंतिणीला ते फार आवडले. मग ते मीच करून घालायचे ठरवलं. आजींनी प्रमाण लिहून दिलं: २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, ५५ ग्रॅम बटर, २५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १५० मिली दूध. बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं हे पीठ. १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेणारा बेकर हेन्री जोन्स जवळच्याच ब्रिस्टलचा.

पहिल्या घाण्याला मी सगळी माझी विद्या लावली. बटर पिठाला मोहनासारखं चोळलं, मूठ दाबून मुटका वळतोय ना पाहिलं. दूध घालून गोळा दहा मिनिटं मळला, तुकतुकीत केला, ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरत ठेवला. लाटला आणि पुऱ्या पाडतो तशी वाटी फिरवून गोल कापले. ओव्हनमधून बाहेर आले ते बसके, एका अंगाला कललेले आणि चिवट. लेकीने दुधात बुडवून दोन खाल्ले. ती काही बोलली नाही, पण मला फार लागलं. मळण्यात कसूर केली असती तर समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी आजी आमच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. बटर थेट फ्रिजमधून घ्यायला लावलं. शंकरपाळ्यांचं मोहन कडकडीत हवं, इथे बटर थंडगार. ते बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. दूध घातल्यावर सुरीने चार-पाच वेळा फिरवून पीठ नुसतं एकत्र आणायचं. माझे हात गोळ्याकडे गेले तशी त्यांनी माझी मनगटं हलकेच धरली. मळलं की पिठाला चिवटपणा येतो. तोच पोळीला हवा असतो आणि स्कॉनला नको असतो. मुरत ठेवलं तर पिठातला वायू ओव्हनमध्ये जायच्या आधीच निघून जातो. लाटणंही नाही. हातानेच थापून अडीच सेंटिमीटर जाड ठेवायचं, साचा सरळ खाली दाबायचा आणि सरळ उचलायचा. फिरवला तर कडा चिकटतात आणि स्कॉन वाकडा फुगतो. वरून दुधाचा हात, २२० अंशांवर बारा मिनिटं.

खडबडीत, ओबडधोबड दिसणारे ते स्कॉन मी ओव्हनमध्ये ठेवले तेव्हा मला अपुरं काम करून उठल्यासारखं वाटत होतं. काचेतून पाहत बसले. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते उंच होऊ लागले, बाजूला आडवी चीर पडली. एक बोटांनी उकलला तर सरळ दोन भाग झाले. लेकीने तीन खाल्ले.

डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात, वर जॅम. टेमर नदीपलीकडच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. दोन्हीकडची माणसं यावर हिरिरीने बोलतात.

आता साताऱ्यात २२५ ग्रॅम मैद्याला तीन सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर घालते. क्लॉटेड क्रीम इथे मिळत नाही, म्हणून म्हशीच्या दुधाची घट्ट साय घेते. साय आधी, जॅम वर.