ठेवणीतली कुपी

आज संकष्टी. रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला निघताना कपाट उघडलं आणि साड्यांच्या घडीत जपलेली मोगऱ्याच्या अत्तराची कुपी हाती लागली. धाकट्या बहिणीनं लग्नात दिलेली. "चांगल्या दिवशी लावू" म्हणता म्हणता 11 वर्षं गेली. बूच काढलं तर तळाशी पिवळट, चिकट थेंबच उरलेला. शेजारच्या लिपस्टिकलाही खवट वास. लिपस्टिकमध्ये एरंडेलासारखी तेलं असतात. हवा आणि आपला शिरूरकडचा उन्हाळा त्यांना बंद कपाटातही सोडत नाही.

आई आठवली. तिच्यामागे पेटीत कोरी पावडर सापडली होती, झाकणही न उघडलेली. ती पाहून जीव कळवळला होता. आणि मी तेच करत आले!

उरलेला थेंब मनगटावर लावला. मंद का होईना, मोगरा दरवळला. पोचले तेव्हा पूर्वाभिमुख देवळावर कोवळं ऊन आलं होतं. नगर रस्त्यानं एमआयडीसीच्या बस चालल्या होत्या. खिडकीतल्या एका पोरीच्या वेणीत ताजा गजरा. गजरा कुणी ठेवणीत ठेवत नाही, त्याच दिवशी माळतो.

उद्यापासून माझंही तसंच. कामाचा साधा दिवस, हाच चांगला दिवस.