जमेल तो मेळ

गोव्यास जायचे ते समुद्र पाहण्यासाठी, असे गृहीत धरूनच आम्ही बडोद्याहून निघालो होतो. आमच्या घरचा गणपती भावाभावांत पाळीपाळीने बसतो. यंदा पाळी धाकट्या भावाकडे होती. तेव्हा चार दिवस बाहेर पडण्यास हरकत नव्हती. भाद्रपद शुद्ध तृतीयेस आम्ही उभयता आणि आमचा बारा वर्षांचा मुलगा पणजीस उतरलो. बाजारात माटोळीच्या सामानाची झुंबड उडाली होती. गणपतीच्या वर जी फळाफुलांची चौकट टांगतात, ती माटोळी. ओल्या सुपारीचे घोस, नारळांच्या पेंडी आणि ज्यांची नावेही आम्हांस ठाऊक नाहीत अशी रानफळे लोक पिशव्या भरभरून नेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो शहर सुनेसुने. आमचे यजमान हसून म्हणाले, "भाऊ, चवथीला पणजीत कोण राहतो? जो तो आपल्या मूळ घरी. वहिनींना आणि बाबूला घेऊन तुम्हीही चला." त्यांचे मूळ घर डिचोली तालुक्यात. मांडवीचा पूल ओलांडून, पर्वरी आणि म्हापसा मागे टाकून आम्ही निघालो. पावसाने धुतलेली भातशेते दुतर्फा हिरवीगार होती.

डिचोली आणि पेडणे हे 'नव्या काबिजादी'तले मुलूख. ते पोर्तुगिजांच्या हाती गेले अठराव्या शतकाच्या अखेरीस. जुन्या काबिजादींत धर्माच्या नावाने जी सक्ती झाली, तिची धग तोवर पुष्कळ ओसरली होती. त्यामुळे इकडचे देव, उत्सव आणि वाद्ये फारशी न दुखावता टिकली.

त्यांतले मुख्य वाद्य घुमट. हे मातीचे मडके दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवतात. धाकटे तोंड डाव्या तळहाताने झाकत-उघडत उजव्या हाताने वाजवतात, म्हणजे आवाज घुमतो, दबतो, पुन्हा फुलतो. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यास बंदी आली. आता बकऱ्याचे चामडे वापरतात. हेच घुमट ख्रिस्ती घरांत मांडो गाताना व्हायोलिनच्या जोडीला बसते. २०१९ साली गोवा शासनाने त्यास राज्याचे वारसा वाद्य म्हणून गौरवण्याचे ठरविले. घुमटाच्या जोडीला काठ्यांनी वाजवायचे शमेळ आणि काशाची जड झांज, म्हणजे कांसाळे, इतके झाले की आरतीचा मेळ पुरा.

पुरा म्हटले खरे, परंतु मेळ कितीचा हे कोणी ठरवलेलेच नव्हते, आणि तेच आम्हांस नवल वाटले. रात्री यजमानांच्या घरी अकरा जण आले: तीन घुमटे, एक शमेळ, कांसाळ्यांच्या दोन जोड्या, बाकीचे गाणारे. आरती आटोपली, प्रसाद झाला आणि मंडळी शेजारच्या घरी निघाली. तेथे दोघे मागे राहिले, तर घरातले चार चुलतभाऊ येऊन मिळाले. पुढच्या घरी शमेळवाला घुमटावर बसला आणि शमेळ एका कॉलेजातल्या मुलाने घेतले. वाडीच्या टोकाला एका वृद्ध बाईंचे लहानसे घर होते. तेथे एकच घुमट वाजले, तेही हळू. बाकीचे सारे ओसरीवर उभे राहून गायले. शेवटच्या मोठ्या घरी मात्र अंगणात तीस-एक माणसे जमली आणि सहा घुमटांनी कौले थरारली.

आरतीचे शब्द ठरलेले, चालही ठरलेली. परंतु कडवे संपले की वाद्ये एकटीच धावतात. ती किती वेळ धावणार, कोण पुढे जाणार, कोण थांबणार, हे लिहून ठेवलेले नाही. एक घुमट बोल टाकतो, दुसरा तो उचलून वळण देतो, शमेळवाल्याच्या नजरेतून खूण निघते आणि गाणारे नेमक्या जागी पुढचे कडवे धरतात. लंडनमध्ये डेरेक बेली नावाच्या गिटारवादकाने १९७६ साली 'कंपनी' नावाने असाच बदलता मेळ सुरू केला होता. निरनिराळे वादक बोलावून, त्यांच्या दोघांच्या, तिघांच्या, पाचांच्या जोडण्या करून, काहीही न लिहिता वाजवायचे, अशी ती रीत. तेथे तालाचेही बंधन नव्हते. येथे ताल आणि देव दोन्ही आहेत. परंतु समोर कोण आहे ते ऐकून आपले वाजवणे बदलायचे, हे मर्म दोहोंकडे एकच.

यजमानांना आम्ही विचारले, "तालीम केव्हा करता?" ते म्हणाले, "तालीम कसली? एक जण पणजीत कारकून, दोघे दुबईला, एक पुण्याला. वर्षातून भेटतो तो हाच दीड दिवस. येतील तेवढ्यांत भागवायचे."

हे शब्द आम्हांस लागले. आमच्या घरचेही असेच विखुरलेले. गेली काही वर्षे आम्ही मोबाईलवरची आरती लावून टाळ्या वाजवतो, कारण काय, तर "पेटीवाले काका राहिले नाहीत, मुले बाहेरगावी, आता मेळ जमत नाही." मेळ पुरा जमल्यावाचून वाजवायचेच नाही, असे आमच्या मनाने कधी ठरवले कोण जाणे!

शेवटच्या घरी एका आजोबांनी आमच्या चिरंजीवांच्या हातांत कांसाळे दिले. "घे बाबू, वाजय!" चिरंजीव बिचकले आणि दोनदा मागे पडले. कोणी रागावले नाही, थांबलेही नाही. शमेळवाल्याने फक्त आपले गुंतागुंतीचे बोल सोडून साधा ठोका धरला आणि मुलाला ठेका सापडेपर्यंत तोच वाजवीत राहिला. सापडल्यावर पुन्हा आपल्या वाटेने गेला.

तिसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडून यजमानांच्या सासुरवाडीस, पेडण्यास गेलो. तेथली चाल थोडी निराळी, लय अधिक संथ. यजमान प्रथम दोन कडवी नुसते ऐकत बसले. मग त्यांनी हळूच घुमट मांडीवर घेतले आणि पाहुण्याचे ते वादन घरच्या वादनात विरघळून गेले.

परतताना डिचोलीहून आणलेले एक लहान घुमट आमच्या पिशवीत होते. अनंत चतुर्दशीस धाकट्या भावाकडे जमलो ते सात जण. चिरंजीवांनी घुमट घेतले. ते काही फार बरे वाजले नाही. शेजारच्या गुजराती काकी मंजिरा घेऊन आल्या. दुसऱ्या कडव्यास आम्ही सारे चुकलो, तेव्हा काकींनी आपला ठेका साधा केला आणि आम्ही सावरलो. मोबाईल त्या संध्याकाळी दिवाणखान्यातल्या कपाटावरच राहिला.