पत्र्याची पेटी

धाकटी बहीण वेल्ह्याकडच्या एका वाडीत दिलेली. तालुक्याला आता राजगड म्हणतात. आम्हा भोरकरांच्या तोंडात वेल्हेच बसलेलं. वाडीत मुसलमानाचं घर एकच. तोरण्याच्या डोंगराआड मोबाइलची रेंज कधी येते, कधी जाते.

भाची दहावीला. शिकवणी दूर, संध्याकाळी परतीच्या गाडीचा भरवसा नाही, म्हणून घरातून तिला सोडत नव्हते. माझ्या मुलाने तिला रास्पबेरी पाय ३ बसवून दिला. तळहातात मावणारा हा संगणक २०१६ साली आला, वायफाय आतच असलेला. त्याच्या कार्डात पाठ्यपुस्तकं आणि मराठी विकिपीडिया भरलेला. इंटरनेट लागत नाही. तोच वायफाय सोडतो आणि पोरी मोबाइलवर वाचतात. वाडीतल्या आणखी चार मुली यायच्या. पण ओटीवर बसलं की वायफाय तुटायचं. दाजी म्हणाले, "चालत नसेल तर परत न्या."

मुलाने आधी वीज पाहिली. मोबाइलचा साधा चार्जर लावलेला होता. या यंत्राला ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा लागतो. तो बदलला. मधेच बंद पडणं थांबलं, वायफाय मात्र तसंच. वाडीत दुसरं वायफाय नव्हतं, तेव्हा लहरींची गर्दी हेही कारण नव्हे.

कारण भाचीनेच शोधलं. "मामू, झाकण उघडलं की दांड्या वाढतात."

उंदीर आणि ओल लागू नये म्हणून बहिणीच्या सासूने यंत्र पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. जपण्यासाठीच. पण याचा अँटेना म्हणजे पाटीच्या कडेला बसवलेला इवलासा तुकडा, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पत्र्यातून पार होत नाही, आदळून आतच फिरते. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून यंत्र तुळईला टांगलं. ओटीपर्यंत वायफाय आलं. दगडमातीची जाड भिंत ओलांडून अंगणात यावं म्हणून बाहेरच्या अँटेनाचा यूएसबी डोंगल लांब वायरीने खिडकीत बांधला. असा डोंगल लिनक्सवर चालतो का आणि स्वतः वायफाय सोडू शकतो का, हे घेण्याआधी पाहावं लागतं.

पेटीत सासूबाईंनी पुन्हा तांदूळ भरले. डब्याला हात लावायचा झाला तर आता त्या आधी भाचीला विचारतात. पोरीला शिकवणीला धाडायचं का, हा प्रश्न मात्र घरात अजून तसाच आहे. तेवढ्यासाठी मी येत्या रविवारी पुन्हा वाडीला जाणार आहे.