धमनीची वाट

मस्तकाची कवटी न उघडता मेंदूतील धमनीच्या फुग्यावर इलाज करता येतो, हे ज्यांनी प्रथम ऐकले असेल त्यांना तो चमत्कारच वाटला असेल. मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यावयाची आणि प्लॅटिनमच्या केसाएवढ्या तारेची वेटोळी त्या फुग्यात भरून तो बुजवावयाचा! हे वेटोळे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने आत सुटे करण्याची युक्ती गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांची. १९९० साली लॉस एंजेलिस येथे ती प्रथम रोग्यावर योजिली गेली. पुढे २००२ साली २१४३ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. फुटलेल्या फुग्यांच्या बाबतीत वर्षअखेर मृत्यू वा परावलंबन यांचे प्रमाण कवटी उघडण्यापेक्षा या मार्गाने कमी आढळले.

हे सारे आम्ही हौसेने वाचले नाही. आमच्या एका स्नेह्यांच्या एकोणीस वर्षांच्या कन्येच्या मेंदूत असा लहानसा, न फुटलेला फुगा आढळला. आणि तपासाअंती एलर्स-डॅनलॉस विकाराचा रक्तवाहिन्यांना ग्रासणारा प्रकार निघाला. या विकारात तिसऱ्या प्रकारचे कॉलेजन घडविणारे जनुकच सदोष असते, म्हणून धमनीची भिंत जन्मतःच कच्ची. नळीच्या इलाजाची सारी भिस्त वाटेवर, आणि येथे वाटच रोगी! नळी नुसती फिरविताना धमनी चिरण्याचे भय. धमनीत जाळी बसवावी, तर रक्त न गोठण्याची औषधे द्यावी लागतात. ती अशा रोग्यास कितपत मानवणार? मूत्रपिंडात पाण्याच्या पिशव्या होणाऱ्या आनुवंशिक विकारातही हे फुगे येतात. पण तेथे नळीची वाट इतकी घातकी मानीत नाहीत. एका नावाखालचे दोन फुगे एक नव्हेत, ते असे.

डॉक्टरांनी हात न लावण्याचे ठरविले. रक्तदाब आटोक्यात ठेवावा, आणि धमनीत नळी न घालता एम. आर. आय. ने फुग्यावर नजर ठेवावी. स्नेही संतापून म्हणाले, "लोकांच्या मुलींना तार, आणि आमच्या मुलीला धीर?" त्यांचा संताप आम्हांस कळतो, तरी हत्यार हाती असता ते खाली ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी आमचा आदर वाढलाच.

आता प्रश्न धाकट्या भावाचा आहे. दोष आईकडून आलेला निघाला. तेव्हा त्याच्यातही तो असण्याचा संभव निम्मा. आई तेव्हापासून फारसे बोलत नाहीत. मुलाने एवढेच विचारले की, कबड्डी खेळावयाची की नाही? तूर्त नाही, असे त्यास सांगितले आहे. रक्ताची तपासणी पुढील आठवड्यात आहे.