दाणा, खांब आणि मुका खांब

साहित्याच्या वर्गात वस्त्राची भाषा वापरल्यावाचून आमचे पाऊल पुढे पडत नाही. कथेची वीण घट्ट असते, निवेदनाचा धागा मध्येच हरवतो, आशयाला अनेक पदर असतात आणि उत्तरार्धात कादंबरी उसवते. 'ग्रंथ' हा शब्द गुंफणे, गाठणे या अर्थाच्या धातूवरून आला आणि 'टेक्स्ट' लॅटिनमधल्या विणण्याच्या क्रियापदावरून, ही माहिती आम्ही दरवर्षी पहिल्याच तासाला देतो. विद्यार्थी ती दरवर्षी उत्तरपत्रिकेत परत करतात. हा व्यवहार सव्वीस वर्षे बिनतक्रार चालला आहे. या सव्वीस वर्षांत आम्ही स्वतः एकही टाका घातला नव्हता, ही गोष्ट कोणाच्या, अगदी आमच्याही, ध्यानात आली नव्हती.

ध्यानात आली ती गेल्या पावसाळ्यात, देवनारला, आईच्या खोलीत. आईला कंपवात आहे. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले क्रोशाचे एकेचाळीस पांढरे चौकोन होते. दहा ओळी, ओळीत सात, असा सत्तर चौकोनांचा पलंगपोस तिने योजला होता. एकेचाळिसाव्या चौकोनानंतर हात थांबले. "उरलेले एकोणतीस तू कर," असे ती काही म्हणाली नाही. ती इतकेच म्हणाली की हे आता कुणाला तरी देऊन टाक, तोरणाबिरणाला उपयोगी पडतील. आम्ही ते ऐकून घेतले आणि चेंबूरहून क्रोशाची एक सुई आणि दोऱ्याचा गुंडा विकत आणला. दुकानदाराने "मॅडमना किती नंबरची हवी?" असे विचारले, आम्ही मॅडमच्या वतीने उत्तर दिले.

ज्यांनी तो चौकोन पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करणे भाग आहे. मधोमध साखळीचे एक कडे, त्याभोवती खांबांच्या फेऱ्या, आणि कोपऱ्यांकडे सरकत जाणारे उठावदार दाणे, एका चौकोनात बारा. इंग्रजी पुस्तकांत या टाक्याला पॉपकॉर्न म्हणतात, आमच्या घरात त्याला दाणा म्हणत. हात फिरवला तर तळव्याला लागतो. आई अंधारात, वीज गेलेली असताना, फेरी कुठवर आली ते दाण्यांवरून ओळखत असे.

आम्ही पंडित माणसे. शिकायचे तर आधी पुस्तक. आईच्याच पेटीत इंग्लंडात छापलेली एक जुनी पुस्तिका होती, तिच्यावरून आम्ही मूळ टाके गिरवले. मग दाण्याची कृती एका अमेरिकी पुस्तकात सापडली: एकाच टाक्यात पाच 'डबल क्रोशे' घाला. डबल क्रोशे म्हणजे काय हे इंग्लिश पुस्तिकेने आम्हांला शिकवलेच होते. त्याप्रमाणे घातले. दाणा उठला नाही. एक चिमूटभर झालर तेवढी तयार झाली, ती फेरीत आडवी पडून राहिली. तीन संध्याकाळी असे प्रयत्न झाले. चौथ्या दिवशी आईने तो तुकडा मागून घेतला, अंगठा व तर्जनीत धरण्याचा प्रयत्न केला, तो निसटला, पुन्हा धरला, आणि म्हणाली, "अरे, हे मुके खांब घातलेस तू. मुक्या खांबाचा दाणा होतो का कधी?"

दोष अनुवादाचा होता. इंग्लिश माणूस ज्याला डबल क्रोशे म्हणतो त्याला अमेरिकी माणूस सिंगल म्हणतो, आणि अमेरिकी माणसाचे डबल ते इंग्लिश माणसाचे ट्रेबल. शब्द तेच, पण एका पायरीने सरकलेले. दोन्ही देशांतल्या बायका शतकाहून अधिक काळ या घोळात एकमेकींचे नमुने बिघडवत आल्या आहेत. मराठीत हा घोळ होऊ शकत नाही. मराठीने मोजले नाही, पाहिले. सुईवर दोरा एकदा गुंडाळून काढलेला उंच टाका फेरीत खांबासारखा उभा राहतो म्हणून तो खांब. वेढा न घेता काढलेला बुटका टाका उंची धरत नाही, दोन खांबांच्या मधले काम गुपचूप करतो, म्हणून तो मुका खांब. हे नाव कोणी पाडले असेल? परिभाषा समितीने नव्हे, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. त्या समित्यांचे काम आम्ही जवळून पाहिले आहे.

त्या दिवसापासून पुस्तके बाजूला ठेवली आणि आई सांगू लागली. इथे खरी अडचण सुरू झाली. हस्तकला शिकवणारा बहुधा बोलत नाही. तो करून दाखवतो आणि "हे असं" म्हणतो. आईने आयुष्यभर शेजारपाजारच्या मुलींना "हे असं" म्हणूनच शिकवले होते. आता "हे असं" दाखवणारे हात ऐकत नव्हते. ज्या ज्ञानाला तिने कधी शब्द दिला नव्हता त्याला वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, एका ठोंब्या विद्यार्थ्यासाठी, शब्द शोधणे तिच्या वाट्याला आले. ती डोळे मिटून मांडीवर हात ठेवी, हात कापत राहत, आणि ती त्यांना विचारल्यासारखे करून सांगे: "दोरा करंगळीला वेढून घे. ओढू नकोस, सोडूही नकोस. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या." खांबाऐवजी साखळ्या का? "फेरी सुरू करताना खांब उभाच राहात नाही. तीन साखळ्यांनाच खांब समजायचं." मुख्यार्थाचा बाध आणि त्याच्याशी संबद्ध दुसरा अर्थ! लक्षणेचे याहून सोपे उदाहरण आम्हांला मम्मटाच्या टीकाकारांतही मिळाले नव्हते. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं, मोज."

दाण्याची कृती अशी. एकाच टाक्यात पाच पुरे खांब घालायचे. मग सुईवरचा जिवंत फास सुईतून काढून मोकळा सोडायचा. सुई पाचांतल्या पहिल्या खांबाच्या डोक्यातून पुढून मागे घालायची, तो सोडलेला फास तिने पकडायचा आणि पहिल्या खांबातून ओढून घ्यायचा. पाचही खांब कमानीसारखे वाकतात, टोकाला टोक मिळते आणि पोट पुढे येते. एका साखळीने तोंड बंद केले की दाणा झाला. सुई मागून पुढे घातली तर तो पाठीमागे फुगतो. तसेही आम्ही केले.

कठीण आहे तो फास सोडण्याचा क्षण. क्रोशात सबंध काम एका फासावर लटकलेले असते. निटिंगमध्ये सुईवर शंभर टाके जिवंत असतात. एक निसटला तर तेवढी एक शिडी पडते. इथे जिवंत असा एकच, आणि तो सुटून दोरा ओढला गेला तर सगळे मुळापर्यंत उसवत जाते. तोच एक फास दर दाण्याला आपण होऊन सोडायचा! आमचा हात तिथे प्रत्येक वेळी अडे. "सोड," आई मिटल्या डोळ्यांनी म्हणे, "कुठं जात नाही तो."

या लेखात आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणत आहोत. समीक्षेतली जुनी खोड, एका माणसाने बहुमताचा आव आणण्याची. त्या आठवड्यांपुरता मात्र तो शब्द अक्षरशः खरा होता. हात आमचे होते, वीण तिची.

पोताविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तो शब्द आम्ही फार वापरला आहे. जॉन क्रो रॅन्सम या अमेरिकी समीक्षकाने १९४१ च्या सुमारास कवितेची संरचना आणि तिचा पोत असा भेद केला: संरचना म्हणजे गद्यात सांगता येईल असा तार्किक सांगाडा, पोत म्हणजे त्याच्याशी थेट संबंध नसलेले स्थानिक तपशिलांचे वैभव. हा भेद शिकवताना आम्ही घराची भिंत आणि तिच्यावरचा रंग असे काहीसे सांगत असू. भरतकामाला हे लागू पडेल. तिथे कापड आधी असते, नक्षी नंतर येते. क्रोशात आधी असे काहीच नसते. ज्या दोऱ्याने कापड होते त्याच दोऱ्याने, त्याच फेरीत, दाणा होतो. तो मागाहून चिकटवता येत नाही आणि कापून काढला तर कापडही जाते. फेरीच्या हिशोबात पाच खांबांचा तो दाणा एकच टाका धरला जातो, पण दोरा पाचांचा खातो आणि आजूबाजूच्या खांबांना थोडे आवळून घेतो, ते सावरण्यासाठी पुढच्या फेरीचा हात सैल ठेवावा लागतो. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचीही आठवण झाली. सपाट खांबांच्या संवादात दाण्याचा विरोध, आणि चार कोपऱ्यांनी साधलेला समतोल! टीपॉयवरचा रुमाल त्यांच्या मनात असण्याचा संभव कमी, हे आम्ही जाणतो.

पाच खांबांचा दोरा, हे वाक्य आम्ही एकदा मोठ्याने म्हणालो आणि आईने डोळे उघडले. "म्हणून तर दाण्याच्या चौकोनाला आठ आणे जास्त मिळायचे," ती म्हणाली.

कोणाकडून मिळायचे? आमच्या स्मरणात आईचे क्रोशे हा आईचा छंद होता. रेडिओवरचे आच्छादन, दारावरचे तोरण, शेजारणीच्या मुलीच्या रुखवतात मांडलेले रुमाल. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीत कारकून होते. पुढच्या वर्षी लालबागची खोली सोडून आम्ही देवनारला आलो. त्या वर्षांत आई सदैव विणत असे, हे आठवत होते. मन रमवण्यासाठी विणते, असे आम्ही समजत होतो. आता कळले की एक दुकानदार दर शनिवारी दोरा तोलून देई आणि माल तोलून घेई. वजनात तूट आली तर पैसे कापी. "काही बायका चार खांबांचा दाणा करायच्या. दिसायला तसाच. दोरा वाचायचा, त्यातून स्वतःचं एखादं फूल व्हायचं. पण दाबला की बसतो." तिने अंगठ्याने हवेत दाबून दाखवले. "माझा बसत नसे." आमची शाळेची आणि पुढे महाविद्यालयाची फी त्या न बसणाऱ्या दाण्यांतून गेली होती. प्रवेशअर्जावर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही स्वच्छ अक्षरात 'गृहिणी' असे लिहीत होतो.

शरमेची गोष्ट अशी की याविषयीचा ग्रंथ आम्ही वाचलेला होता. मारिया मीस यांचे आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरचे पुस्तक १९८२ साली, म्हणजे संपाच्याच वर्षी, निघाले. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे नेलेले क्रोशे, एकीने फुले करायची आणि दुसरीने जोडायची ही विभागणी, दलाल, परदेशी बाजार, आणि या साऱ्याला 'बायका घरी बसून फावल्या वेळात करतात' असे म्हणून मजुरीच न मानण्याची सोय, हे मीस यांनी दाखवले. एका चर्चासत्रात आम्ही त्याचा हवाला दिला होता. ते चर्चासत्र आईच्या घरापासून फार दूर नव्हते. १९५४ पासून देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था बेस्टच्या आगारासमोरच आहे, आणि समाजशास्त्राची हवा या उपनगराला कधी कमी पडलेली नाही. आयर्लंडातही १८४५ नंतरच्या दुष्काळात घरे क्रोशावर जगली, उठावाच्या गुलाबांच्या त्या लेसला जगभर मागणी होती, हेही आम्हांला ठाऊक होते. लालबाग ते देवनार एवढेच अंतर ठाऊक नव्हते. क्रोशाचे खरे कापड यंत्रावर निघत नाही. बाजारात दिसणारा प्रत्येक तसा रुमाल कोणाच्या तरी हातून गेलेला असतो. हे वाक्य आम्ही पूर्वी वाचले असते तर त्याखाली रेघ मारून पुढे गेलो असतो.

"मग हा पलंगपोस कुणाच्या ऑर्डरीचा?" आम्ही विचारले.

"कुणाच्याच नाही. हा माझा."

तो तिने २०१४ साली सुरू केला होता. पांढरा दोरा आणि देवनार यांचे जमत नाही. १९२७ पासूनचे कचऱ्याचे मैदान वाऱ्याच्या एका फेरात आहे. म्हणून गुंडा डब्यात ठेवून झाकणाच्या भोकातून दोरा काढायची तिची रीत. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्या मैदानाला मोठी आग लागली, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, खिडक्यांना ओली फडकी लावून आई बसली होती. त्या दिवसांतले तीन चौकोन आजही बाकीच्यांहून किंचित पिवळे आहेत. धुऊन पाहिले, गेले नाही. "राहू दे," म्हणाली.

आमच्या हातून आतापर्यंत नऊ चौकोन झाले, त्यांतले सहा तिने स्वीकारले. तपासण्याची रीत ठरलेली आहे. चौकोन तिच्या मांडीवर ठेवायचा, ती कापरा अंगठा एकेका दाण्यावर नेते, नेम चुकतो, पुन्हा नेते, आणि दाबते. बाराही दाणे होईपर्यंत बोलायचे नाही. परवाच्या चौकोनात सातव्या दाण्याशी अंगठा थांबला. तो मागच्या बाजूला फुगला होता. रात्री उशिरा, उत्तरपत्रिका संपवून बसलो होतो. उसवतो म्हणालो तर तिने चौकोन सोडला नाही.

"बसत नाही ना, मग असू दे. हा पायाकडच्या ओळीत लाव," ती म्हणाली. "आणि आता दोरा बारीक आण, हा जाड आहे. सांगणार होते केव्हाची."