बाप्यासारखा बाप्या

मराठवाड्यात पैठण रस्त्यावर, चितेगावात चहाच्या टपरीपाशी घटकाभर उभं राहावं. गडीमाणसांचं कौतुक आणि त्यांचा उद्धार, दोन्ही एकाच दमात कानी पडतं. एकट्यानं पोतं उचललं की ‘पठ्ठ्या’. कुणाला न जुमानणारा ‘ढाण्या वाघ’. बायकोचा सल्ला घेतला की ताटाखालचं मांजर, आणि भांडणात मागं सरला की ‘बायल्या’. ‘बांगड्या भर’ हे तर जिव्हारी लागावं म्हणूनच म्हणायचं. त्या बांगड्यांचेच हात आसपासच्या रानात दिवसभर कापूस वेचत असतात, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं.

इंग्लंडातल्या ‘लॅड’चंही असंच. शब्दाचा अर्थ साधा पोरगा. पण १९९४ मध्ये पुरुषांसाठीचं ‘लोडेड’ मासिक निघालं त्या काळात बिअर, फुटबॉल आणि बायकांवरचे शेरे हीच ‘लॅड’ची ओळख झाली.

मला या शब्दांतल्या शिवीपेक्षा शाबासकीची भीती वाटते. शिवीवर माणूस चिडतो, शाबासकी मात्र मुकाट अंगावर घेतो. सायकलवरून पडलेल्या पोराला आपण म्हणतो, ‘बाप्यासारखा बाप्या, अन् रडतो?’ पोरगं डोळे पुसतं. पुढं जन्मभर पुसतच राहतं.

चितेगावची पुष्कळ वर्षांची ओळख म्हणजे व्हिडिओकॉनचा कारखाना. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारखाना कुठलाही असो, काम सुटलेला माणूस घरी काय सांगतो? बहुतेक वेळा काहीच नाही. सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी परततो. दुष्काळात पीक गेलेला शेतकरीही असाच गप्प. ‘वाघ’ म्हणवून घेतलेल्यानं उसने पैसे मागावेत कसे? या गप्प राहण्याच्या सक्तीची मराठवाड्यानं फार मोठी किंमत मोजली आहे.

हाच रस्ता पुढं पैठणला जातो. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू एकनाथांनी कडेवर घेतलं, ही कथा इथं घरोघरी सांगतात. सोळाव्या शतकात, भर गावासमोर, जातीचा रोष पत्करून. मर्दपणा म्हणायचाच तर मी याला म्हणेन.

तुमच्या ओळखीतला एखादा गडी हल्ली फारच गप्प असेल, तर त्याला बाजूला घेऊन घरचं विचारा. तो बोलू लागला, तर ‘सोड रे, मर्द आहेस ना’ एवढं मात्र म्हणू नका.